आठ दिवस चोरांचे

कुणावरही विश्वास ठेवू नका, एवढं एकच वाक्य शिकवण्यासाठी महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा, आणि स्वतः मात्र दिसेल त्या माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा प्राध्यापक अख्ख्या मराठवाड्यात एकच निपजला आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. लातूरच्या बाहेर, तुरीच्या शेतांमधून काढलेल्या रस्त्याच्या टोकाला आमचं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज. तिथं एम.टेक.च्या मुलांना मी कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायचो आणि ते सायबर सुरक्षा. पुढं या दोन विषयांचा एक विषय झाला, आम्ही दोघं एकाच वर्गात एकाच तासाला उभे राहू लागलो, आणि कॉलेजात आम्हाला 'बैलजोडी' हे नाव पडलं. ते स्वतः मला 'जोडीदार' म्हणत, म्हणून मीही त्यांना इथं जोडीदारच म्हणतो. त्यांचं नाव घ्यायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही आणि तो कसा गेला, तेच सांगायला बसलो आहे.

त्यांच्या विश्वासाच्या तऱ्हा सांगाव्यात तेवढ्या थोड्या. त्यांचा पासवर्ड शिपायापासून झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होता, कारण मेल उघडायचा कंटाळा आला की ते व्हरांड्यातूनच ओरडून सांगत, "आरं, तेवढं उघडून बग की, काय आलंय!" आणि हाच माणूस तासाला मुलांना बजावत असे की सख्ख्या भावाला पासवर्ड सांगाल तर नापास करीन. रस्त्यात कुणीही हात केला की स्कूटर थांबायची. एकदा तर हात करणाऱ्याला घाई होती म्हणून त्याला स्कूटर देऊन हे स्वतः चालत कॉलेजात आले. ती स्कूटर संध्याकाळी परत आली, वर पेट्रोल भरून आली, आणि आम्ही सगळे तोंडघशी पडलो. एका दुपारी त्यांना तुमचं कार्ड बंद पडतंय म्हणून कुणा भामट्याचा फोन आला. दुसऱ्या कुणी शिव्या देऊन फोन ठेवला असता. हे अर्धा-पाऊण तास त्याच्याशी बोलत बसले. गाव कोणतं, जेवला का, शिक्षण कुठवर झालं, सगळं विचारलं, आणि शेवटी त्याला समजावून सांगितलं की बाबा, तू कागदावरचं वाचून राहिलास हे पहिल्या वाक्यालाच कळतं, जरा मनानं बोलत जा. त्यानंच कंटाळून फोन ठेवला. जोडीदार दिवसभर हळहळत होते. "पोरगं हुशार होतं हो. कुणी नीट शिकवलं न्हाई त्याला."

आमचे दोन विषय एक कसे झाले, ती कथाही त्यांच्यासारखीच. एके दिवशी ते तडक प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "सायेब, एक मास्तर कुलूप करायला शिकवून राहिला, दुसरा चावी करायला, आन् दोघांचे वर्ग वेगळे. ह्ये बरं न्हाई." प्राचार्यांना कुलूप कळलं नाही आणि चावीही कळली नाही. मात्र दोन तास एकाच खोलीत बसवले तर एक खोली मोकळी होते, हे त्यांना चटकन कळलं. परवानगी मिळाली. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलंही नव्हतं. माझा विषय तेव्हा नवरदेवासारखा मिरवत होता. जो तो बुद्धिमान यंत्रांबद्दल बोलत होता, आणि अशा वेळी शेजारी हा खिशाला तीन पेनं लावलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेला गृहस्थ उभा करून घेणं मला जड जात होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नाक कापलं. वर्गाच्या दारावर मी मोठ्या हौसेनं हजेरीचं यंत्र बसवलं होतं. कॅमेऱ्यापुढे चेहरा आला की नाव लागायचं. मी मुलांना त्यातलं गणित समजावत होतो, तेवढ्यात हे महाशय स्नेहसंमेलनाच्या वेळचा वर्गाचा मोठा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून घेऊन आले आणि देवाची तसबीर दाखवावी तसा तो कॅमेऱ्यापुढे धरला. यंत्रानं सगळा वर्ग हजर लावला. वर्गात त्या दिवशी आठ जण होते. जो मुलगा शिक्षण सोडून बँकेत चिकटला होता, तोही हजर लागला. मुलं बाकं बडवून हसली. मी रागावलो, तर जोडीदार भाबडेपणानं म्हणाले, "यंत्र चांगलंच हाय तुमचं. फक्त त्याला कुणी फसवंल, आसं त्याला वाटतच न्हाई. माझ्यासारखं झालंय ते."

त्यातूनच त्यांचा नियम निघाला. आमच्या वर्गात जे काही यंत्र बनेल, ते बनवणाऱ्या अर्ध्या मुलांनी उरलेल्या अर्ध्यांच्या हवाली करायचं. त्या अर्ध्यांनी आठ दिवस ते मोडून पाहायचं, फसवून पाहायचं, त्याला खोटंनाटं खाऊ घालायचं. आठ दिवसांनी जे शिल्लक राहील, ते दाराबाहेर जाईल. पुढच्या वेळी बनवणारे चोर व्हायचे आणि चोर बनवणारे. याला ते 'आठ दिवस चोरांचे' म्हणत. वर्षभरात मुलं अशी तयार झाली की माझं यंत्र पाहिलं की त्यांच्या डोळ्यांना आधी त्याची फट दिसायची. वरवर मी कुरकुर करायचो, पण मनातून मला कळत होतं की इतकं चांगलं शिकवणं आमच्या दोघांच्याही हातून एकेकट्यानं झालं नसतं.

एवढा भाबडा माणूस या एकाच बाबतीत इतका कडक का, हे मला बरेच दिवस कोडं होतं. एकदा कँटीनमध्ये चुरमुऱ्यांचा सुशीला खाता खाता त्यांनी ते उलगडून सांगितलं. त्यांचं गाव औशाच्या पलीकडचं, भूकंपात आडवं झालेलं. तेव्हा ते लातुरात पॉलिटेक्निकला होते म्हणून वाचले. घरातली दोन माणसं गेली, पण त्यांच्याविषयी ते कधी बोलत नसत. बोलत ते यादीबद्दल. अक्षर चांगलं म्हणून तहसीलच्या लोकांनी त्यांना पत्र्याच्या शेडांची यादी लिहायला बसवलं होतं. कच्च्या कागदांवरून पक्की प्रत करताना दोन पानं एकदम उलटली गेली आणि एक अख्खी गल्ली राहून गेली. आठ घरं. बाकी गावाला शेडं मिळाली आणि ही आठ घरं ताडपत्रीखाली बसून राहिली, कारण कागदावर ती नव्हतीच. "पंधरा दिवसांनी मला कळलं. तसाच गेलो, भरल्या गर्दीत तहसीलदाराला म्हणलं, सायेब, चूक माझी हाय. त्यानं तर झापलंच, पण त्या गल्लीतल्या बायांनी मला पाळीपाळीनं शिव्या घातल्या. एक म्हातारी तर नाष्ट्याआधी एकदा आन् जेवणाआधी एकदा, आसं औषधासारखं द्यायची." हे सांगताना ते पोट धरून हसले. मग हसणं थांबवून म्हणाले, "यादीत नाव न्हाई म्हंजे माणूस न्हाई, जोडीदार. मेलेला तरी यादीत आसतो. तुमचं यंत्र काय करतं? यादीच करतं ना? मग ती करणारा आन् ती राखणारा शेजारी शेजारी बसलेला बरा."

मी तेव्हा मान डोलावली होती. मान डोलवायला काही लागत नाही.

लातुरात त्या वर्षांमध्ये क्लासचं पीक असं आलं होतं की ज्या गल्लीत पिठाची गिरणी होती, तिथंही वर बायॉलॉजी आणि खाली फिजिक्स चाले. उदगीर, देगलूर, बिलोली, कुठून कुठून पोरं यायची, वीस वीस जणांत एक नळ असलेल्या खोल्यांमध्ये राहायची आणि डॉक्टर व्हायचं म्हणून दिवसाला तेरा तास बसायची. चौकाचौकांत पहिल्या आलेल्या मुलांचे घराएवढे फोटो. अशाच एका मोठ्या क्लासचे संचालक एक दिवस आमच्या कॉलेजात आले. त्यांच्याकडे अकरावीला एवढी मुलं येत की कुणाला 'रँकर बॅच'मध्ये बसवायचं, हे ठरवताना त्यांच्या नाकी नऊ यायचे. पालक वशिले आणायचे. रँकर बॅचला नावाजलेले मास्तर, वेगळी अभ्यासिका, रोजची शंकासमाधानं. रेग्युलर बॅचला माईकवर शिकवणं आणि मागच्या बाकांना पडद्यावरचे मास्तर. संचालकांना असं यंत्र हवं होतं, की मुलाचे चाचण्यांचे पेपर घालावेत आणि कोण पुढं जाणार हे त्यानं सांगावं. "म्हणजे आमच्यावर बोट नको," ते म्हणाले.

मी दुसऱ्या क्षणी हो म्हणालो. माझ्या अर्ध्या वर्गानं महिनाभर खपून यंत्र तयार केलं. क्लासनं मागच्या काही वर्षांची मुलांची सगळी माहिती दिली होती, त्यावर ते शिकलं, आणि जुन्या मुलांवर चालवून पाहिलं तर शंभरातल्या नव्वदांबद्दल त्याचं बरोबर निघालं. आता नियमाप्रमाणे ते आठ दिवस जोडीदारांच्या चोरांकडे जायचं होतं. पण क्लासचे प्रवेश आणि चाचण्या उरकून बॅचच्या याद्या लावायची वेळ आली होती, संचालकांचे रोज तीन फोन येत होते, आणि त्यांनी सत्काराचा दिवसही धरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी मी यंत्र परस्पर देऊन टाकलं. जोडीदारांना म्हणालो, नुसतं दाखवायला दिलंय. ते म्हणाले, "बरं." त्यांना दुसरं काही म्हणता येतच नव्हतं. सत्कारात मला शाल आणि नारळ मिळाला, आणि चौकात पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोंखाली, कोपऱ्यात का होईना, माझाही फोटो लागला. मी आठवडाभर बाजारात जाताना मुद्दाम त्या चौकातून जात होतो, हेही इथंच कबूल करून टाकतो.

याद्या लागल्यावर चार दिवसांनी एक बाई मला शोधत कॉलेजात आल्या. बिलोलीहून आलेल्या, तिथं अंगणवाडीत होत्या. बरोबर त्यांची मुलगी. दोन वेण्या, गळ्यात क्लासचं ओळखपत्र. बाईंनी पिशवीतून तिचे चाचण्यांचे पेपर काढून माझ्या टेबलावर नीट एकावर एक ठेवले. मार्क फार चांगले होते. आणि तिला रेग्युलर बॅच मिळाली होती. "सर, मला त्यातलं काही समजत न्हाई," त्या म्हणाल्या. "फक्त एवढं सांगा, हिच्यात काय कमी पडलं? म्हंजे तेवढं भरून काढता येईल." मुलगी खाली बघत उभी होती. मी पेपर चाळले, आणि मला काहीच सापडेना. तेव्हा मी मास्तरी आवाज लावून म्हणालो, "यंत्र मार्कांच्या पलीकडचं बघतं, बाई. त्यात माणसाचा हात नसतो." बाईंनी दोनदा मान हलवली, पेपर परत पिशवीत घातले, मला नमस्कार केला. मुलीलाही करायला लावला.

इकडे जोडीदारांच्या चोरांनी यंत्राची एक प्रत घेऊन आपलं काम सुरूच ठेवलं होतं. यंत्र बाहेर गेलेलं असलं तरी नियम तो नियम. सातव्या दिवशी त्यांच्यातली एक विद्यार्थिनी धावत आली. तिनं एका हुशार मुलाचा पेपर घेतला होता, एकही मार्क न बदलता फक्त रोल नंबर बदलला होता. अडतिसाच्या जागी एकोणीसशे अडतीस. यंत्रानं त्याला रँकर बॅचमधून रेग्युलरमध्ये ढकललं. मग तिनं एक कोरा पेपर घातला, वर रोल नंबर बारा लिहिला. कोऱ्या पेपराला रँकर बॅच मिळाली.

मला सगळं त्याच क्षणी कळलं. शिकवताना त्या माहितीतून रोल नंबरचा कॉलम काढून टाकायचा असतो. पहिल्या धड्यात मी मुलांना हेच सांगतो, आणि तोच माझ्याकडून राहून गेला होता. क्लासमध्ये रोल नंबर प्रवेशाच्या क्रमानं मिळत. लातुरातली मुलं निकालाच्या दिवशीच रांगेत उभी राहात, खेड्यापाड्यांतली मुलं खोलीची आणि डब्याची सोय लावून महिन्यानं येत. मागच्या वर्षांत आधी आलेल्यांना आधीच्या तुकड्या आणि चांगले मास्तर मिळाले होते, साहजिकच पुढं गेले तेही तेच. यंत्रानं मार्कबिर्क बाजूला ठेवून एवढी एकच खूण धरली होती. जो आधी आला, तो हुशार. उशिरा आलेली सगळी पोरं त्यानं एका फटक्यात मागं बसवली होती.

"चला," जोडीदार उठलेच. "अजून तुकड्या बदलता येतात. संचालकांना सांगून येऊ."

"आत्ता नको," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी दुरुस्त करून देऊ. आता याद्या लागल्यात, पालक चवताळतील."

"लागल्यात म्हणूनच तर जायचं. कामून थांबायचं? चूक झाली म्हणायची, मोकळं व्हायचं. शिव्या पडतील थोड्या." आणि मला धीर द्यायला म्हणून पुढं म्हणाले, "मी हाय ना संगट."

संचालकांच्या खोलीत थंडगार एसी होता. जोडीदारांनी सगळं सांगितलं, कोऱ्या पेपराचं तर हसत हसत सांगितलं. संचालक हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "सर, यंत्र तुमचं. तुम्ही सांगा, काय खरं?" त्यांच्यामागच्या भिंतीवर सत्काराचा फोटो लावलेला होता आणि त्यात मी शाल पांघरून उभा होतो. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी आधी ठरवलं नव्हतं, पण म्हणून ते माझं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी म्हणालो, "मी दिलं तेव्हा नीट होतं. यांच्या मुलांचं कामच मोडायचं आहे. त्यांच्याकडच्या प्रतीत त्यांनीच काहीतरी घातलं असेल."

मला वाटलं होतं, जोडीदार आता उसळतील. मी त्याची तयारीही ठेवली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "आसं हाय का? मग मला पोरांकडं बघावं लागंल."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

परत येऊन दोन दिवस त्यांनी आपल्या मुलांची झडती घेतली. कधी आवाज न चढवणारा माणूस एकेकाला समोर बसवून विचारत होता, लेकरा, खरं सांग, तू काय घातलं का आत? ज्या मुलीनं चूक शोधली होती, ती त्यांच्यासमोर रडली. मी शेजारच्या खोलीत होतो, मला ते ऐकू येत होतं, आणि मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. चार पावलं चालून गेलो असतो तर सगळं तिथंच थांबलं असतं. मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी ती झडती बंद झाली. त्यांना काय कळायचं ते कळलं असणार, कारण त्यांनी त्या मुलीची सगळ्या वर्गासमोर हात जोडून माफी मागितली. मला मात्र त्यांनी एका शब्दानं काही विचारलं नाही. तासाला शेजारी उभे राहिले, चहाला हाक मारली, माझ्या डब्यातली मेथी खाल्ली. ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते हे मला तेव्हा कळत नव्हतं, असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल.

पुढं सगळं कागदोपत्री झालं. संचालकांनी प्राचार्यांकडे तक्रार केली, की तुमच्याकडे मुलांना मोडतोड शिकवतात. आमचा विषय पुन्हा दोन खोल्यांमध्ये विभागला गेला, आणि जोडीदारांना दुपारच्या उन्हात पहिल्या वर्षाला 'सी' ही संगणकाची भाषा शिकवायला पाठवलं. त्यांनी आणखी दोनदा क्लासकडे एकट्यानं चकरा मारल्या, त्यांना दारावरच्या रखवालदारानं आत सोडलं नाही. याद्या तशाच राहिल्या. उन्हाळ्यात त्यांना नांदेडला एका कॉलेजात जागा मिळाली. निरोप समारंभात मी भाषण केलं. चांगलं झालं म्हणतात.

सहा-सात वर्षं गेली. मागच्या वर्षी नांदेडहून एम.टेक.च्या तोंडी परीक्षेसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून मला पत्र आलं आणि गेल्यावर दिसलं, की विषय तोच होता. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सायबर सुरक्षा, एकत्र. विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या त्या कॉलेजात जोडीदार दोन्ही बाजू एकटेच शिकवत होते. अर्धा तास ते खिडकीकडे उभे राहून यंत्र बनवणारे होत, मग दाराकडे जाऊन चोर होत. केस पांढरे झाले होते, बूटही पांढरेच. मला पाहून त्यांना झालेला आनंद इतका खरा होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. एका विद्यार्थ्याला मी विचारलं, शिकवताना नको ती माहिती आत राहिली तर काय होतं, उदाहरण दे. त्यानं घडाघडा रोल नंबरची गोष्ट सांगितली. कोऱ्या पेपरासकट. मी खाली बघत विचारलं, ही चूक कुणाकडून झाली होती?

"सरांकडून आणि त्यांच्या जोडीदाराकडून," तो म्हणाला. "सर दर वर्षी सांगतात, आमच्या दोघांकडून झाली."

परीक्षा संपल्यावर कँटीनमध्ये मी एकदाचं बोललो. त्या खोलीत खोटं बोललो होतो, म्हणालो. त्यांनी बशीत चहा ओतला. "माहीत हाय की. तिसऱ्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलताल आसं वाटलं. उद्या बोलताल, परवा बोलताल. मग इकडं आलो." त्यांनी चहा संपवला. "माझं जाऊ द्या. मला नांदेड लई मानवलंय. त्या पोरांचं काय केलं? कुणाला सांगितलं का?"

मी बिलोलीच्या बाईंचं सांगितलं. पिशवीतले पेपर, त्यांचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं. ते पहिल्यांदाच गंभीर झाले. "नाव काय लेकराचं?" मला सांगता आलं नाही. मी विचारलंच नव्हतं. ओळखपत्रावरचा आकडा तेवढा डोक्यात बसलेला होता. ते काही वेळ टेबलावर बोटानं रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "अंगणवाडीच्या बाई म्हंजे सापडतील. गाव कितीसं हाय ते? येत्या रविवारी जाऊ दोघं. तुमी लातूरहून या, मी स्टँडवर थांबतो."

रविवारी सकाळी मी तयार होऊन बसलो होतो, पण दाराबाहेर पाय निघेना. शेवटी फोन केला आणि सांगितलं, घरी अचानक पाहुणे आलेत. ते स्टँडवर उभे होते, मागं गाड्यांचा पुकारा ऐकू येत होता. "आसं हाय का?" ते म्हणाले. "मग पाहुण्यांचं बघा आधी. मी जाऊन येतो."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. घर सापडलं होतं. मुलगी डॉक्टर झाली नव्हती. नर्सिंग करून नांदेडलाच एका दवाखान्यात होती आणि सुट्टीला घरी आलेली होती. यांनी तिला आणि आईला समोर बसवून सगळं सांगितलं, की तुझ्यात काही कमी नव्हतं, चूक यादीची होती. मुलीनं विचारलं, ते यंत्रवाले सर तुम्हीच का? "मी म्हणलं, न्हाई बाळा, मी त्यांचा जोडीदार. त्येंच्याकडं पाहुणे आलेत, न्हाई तर तेच येणार होते." मग त्यांनी मला तिचं पूर्ण नाव सांगितलं, अक्षर न् अक्षर सावकाश, आणि मी ते लिहून घेतलं. घराची खूणही सांगितली. "तुमी येताल म्हणून सांगून आलोय. कवाबी जा, बाई चांगल्या हायत."

त्यानंतर बरेच रविवार आले आणि गेले. जोडीदारांचा अधूनमधून फोन येतो. मुलांचं सांगतात, गोदावरीला पाणी किती आलं ते सांगतात, माझ्या तब्येतीची चौकशी करतात. बिलोलीला गेलो का, हे मात्र ते कधीच विचारत नाहीत. मी केव्हाच जाऊन आलो, असं ते धरून चालले आहेत.